तीन वर्षांचा रंग

यॉर्कशायर टेरियरची पिल्लं पहिल्यांदाच पाहणाऱ्याच्या मनात एक शंका हमखास येते: ही खरंच हिचीच का? आई शेजारी पसरलेली असते. तिच्या पाठीवर गडद पोलादी रंगाचे लांब, सरळ, रेशमी केस, डोक्यावर आणि पायांवर सोनेरी तांबूस. आणि तिच्या पोटाशी लुचणारी पिल्लं काळीकुळकुळीत, आखूड गुळगुळीत केसांची, तळहातावर मावतील एवढी. पोलादी रंगाचा त्यांच्या अंगावर मागमूसही नसतो. एखादं पिल्लू उचलून उजेडात धरलं तर त्या काळ्यात तांबूस खुणा दिसतात. दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक ठिपका, तोंडाच्या दोन्ही बाजूंना पुसटसा पट्टा, छातीवर थोडा, पंजांच्या वर थोडा, शेपटीच्या खाली थोडा. डॉबरमन आणि रॉटवायलरच्या अंगावर याच जागी याच खुणा असतात. डॉबरमन त्या जन्मभर जशाच्या तशा बाळगतो. यॉर्की मात्र पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या सगळ्याची उलथापालथ करून टाकतो.

मोठ्या यॉर्कीचा रंग कसा असावा याबद्दल लंडनच्या केनेल क्लबचा मापदंड फार काटेकोर आहे. डोक्याच्या मागच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत गडद पोलादी निळा. चंदेरी निळा चालत नाही. त्यात पिवळट, काशासारखा किंवा काळा केस मिसळलेला नको. छातीवर झळझळीत तांबूस. डोक्यावरचा तांबूस सोनेरीकडे झुकणारा, पण कानांच्या मुळांशी आणि तोंडाच्या बाजूंना जरा गडद. हा तांबूस मानेवर उतरता कामा नये आणि त्यात काजळीसारखा काळा केस दिसता कामा नये. शेपटीचा निळा अंगापेक्षा गडद, टोकाला तर आणखीच गडद. आणि प्रत्येक तांबूस केस मुळाशी गडद, मध्ये फिका, टोकाला त्याहून फिका. एका केसात तीन छटा मागणारं हे वर्णन वाचताना ज्यांनी ते पहिल्यांदा लिहून काढलं त्यांच्या नजरेचं कौतुक वाटतं. तीन किलोंच्या आसपास वजनाच्या एका इवल्या कुत्र्याकडे इतक्या बारकाईनं पाहणारी माणसं होती.

अमेरिकन केनेल क्लबच्या मापदंडात पिल्लांसाठी वेगळी ओळ आहे. पिल्लं काळी-तांबूस जन्मतात, मोठ्या कुत्र्यापेक्षा गडद असतात आणि प्रौढ होईपर्यंत त्यांच्या तांबूस भागात काळे केस मिसळलेले दिसतात, अशी स्पष्ट नोंद त्यात आहे. प्रौढाच्या बाबतीत मात्र अंगाचा रंग आणि तांबूसाची गहिराई या दोन गोष्टींना तिथेही सर्वोच्च महत्त्व आहे.

बदल सुरू होतो तो डोक्यापासून. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमाराला डोळ्यांवरचे ठिपके पसरू लागतात, तोंडाचा पट्टा गालांवर चढतो, कपाळ उजळतं. या काळात पिल्लाचा चेहरा थोडा मळकट दिसतो, कारण सोनेरी केसांच्या मधून जुने काळे केस डोकावत असतात. पायांवरही काळा वर वर सरकत जातो. अंगाचा रंग त्यानंतर, बहुधा सहा महिन्यांच्या पुढे, आणि तोही वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. तो पाहायचा असेल तर पिल्लाला खिडकीपाशी न्यावं आणि पाठीवरचे केस बोटांनी दुभंगून भांग पाडावा. वरून सगळं काळंच असतं. पण भांगाच्या दोन्ही कडांना, कातडीला लागून, राखाडी-निळसर रंगाची बारीक रेघ दिसते. एक केस चिमटीत धरून उजेडासमोर आणला तर टोकाला काळा, खाली येता येता धुरकट आणि मुळाशी पोलादी. केस वाढतो मुळाकडून. म्हणजे टोक हा त्याचा सगळ्यात जुना भाग आणि मूळ सगळ्यात ताजा. यॉर्कीचा केस बराच काळ वाढत राहतो, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचं काळं पिल्लूपण आणि आजचा निळा एकाच केसाच्या दोन टोकांना एकाच वेळी हजर असतात. डोक्यावरच्या तांबूस केसाची रीत याच्या नेमकी उलट, मुळाशी गडद आणि टोकाला फिकी. वाढीच्या वयात पाठीचा केस आणि डोक्याचा केस शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर हा विरोध चटकन नजरेत भरतो. ज्यांच्या घरी यॉर्कीचं पिल्लू आहे त्यांनी ही गंमत एकदा तरी जरूर पाहावी.

निळा पूर्ण उतरायला कुणाला दीड वर्ष लागतं, कुणाला तीन. एकाच वेताच्या भावंडांमध्येही फरक पडतो. एक जण वर्षाच्या आत पालटू लागतो, दुसरा दोन वर्षांचा झाला तरी पाठीवर काळाच असतो, आणि काही जण आयुष्यभर काळेच राहतात. पैदास करणाऱ्या जुन्या मंडळींचा अनुभव असा की फार लवकर उजळणारं पिल्लू पुढे जाऊन चंदेरी होण्याचा धोका असतो आणि काळंच राहणाऱ्याचे केस बहुधा रेशमी नसून कापसासारखे मऊ, दाट आणि गुंतणारे निघतात. रंग आणि पोत एकमेकांचा हात धरून येतात असं ही मंडळी मानतात, आणि केस विंचरताना बोटांनाही ते जाणवतं.

हा सगळा खेळ नेमका काय आहे हे समजायचं तर यॉर्कीच्या दोन नातलगांकडे पाहणं फार उपयोगी पडतं. पहिला एअरडेल टेरियर, यॉर्कशायरच्याच एअर नदीच्या खोऱ्यातला. त्याची पिल्लंही बरीचशी काळी, तांबूस खुणांची जन्मतात. वाढताना तांबूस पसरत जातो, डोकं आणि पाय व्यापतो आणि काळा पाठीवरच्या खोगिराएवढा उरतो. पण उरलेलं ते खोगीर गडदच राहतं, पोलादी निळं होत नाही. दुसरा आयर्लंडचा केरी ब्लू. तो पूर्ण काळा जन्मतो, तांबूस त्याच्या अंगावर येत नाही, पण सगळा काळा हळूहळू फिका होत निळसर करडा होतो. अमेरिकेतल्या प्रदर्शनांत केरी ब्लू अठरा महिन्यांनंतरही पूर्ण काळा राहिला असेल तर तो बाद ठरतो, इतकी या बदलाची खात्री धरलेली आहे. एअरडेलमध्ये काळा मागे हटतो. केरी ब्लूमध्ये काळा जागच्या जागी विरतो. यॉर्कीमध्ये हे दोन्ही घडतं, आणि दोन्हींचं वेळापत्रक स्वतंत्र असतं. म्हणूनच सहा महिन्यांचं पिल्लू डोक्यानं जवळपास प्रौढ आणि पाठीनं अजून तान्हं दिसू शकतं.

यामागचं शास्त्र गेल्या काही दशकांत बरंच उलगडलं आहे. कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच: काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि पिवळं-तांबूस फिओमेलॅनिन. केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी यांपैकी कुठलं बनवायचं ते त्यांना मिळणाऱ्या संदेशावर ठरवतात. एएसआयपी या जनुकापासून तयार होणारं प्रथिन ‘तांबूस बनवा’ असा संदेश देतं. हे प्रथिन अंगाच्या कुठल्या भागात आणि केव्हा तयार व्हावं हे ठरवणाऱ्या दोन नियंत्रक जागा या जनुकाला आहेत, आणि त्यांच्यातल्या फरकांच्या जुळणीतून कुत्र्यांच्या अंगावरचे पाच प्रमुख नमुने तयार होतात, हे डॅनिका बॅनॅश, टोसो लीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 साली दाखवून दिलं. पाठीवर काळा आणि बाकी तांबूस हा त्यांपैकीच एक नमुना. दुसरा भाग, म्हणजे काळ्याचं फिकं होत जाणं, याची मांडणी त्याहून बरीच जुनी आहे. जॅक्सन प्रयोगशाळेचे संस्थापक क्लॅरेन्स कुक लिटल यांनी 1957 साली कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर पुस्तक लिहिलं, त्यात वयाबरोबर करड्या होत जाणाऱ्या रंगासाठी त्यांनी ‘जी’ हे अक्षर वापरलं. हा गुण प्रभावी असतो. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो.

माणसाच्या पिकणाऱ्या केसांची आठवण इथे होणं साहजिक आहे, पण दोन्ही गोष्टींची वेळ पाहिली की फरक लक्षात येतो. माणसाचा केस पिकतो तो वय उतरणीला लागताना. यॉर्कीचा काळा फिका होतो तेव्हा दुधाचे दात पडून नवे येत असतात, कान नुकते ताठ उभे राहिलेले असतात आणि पिल्लू घरभर धुमाकूळ घालत असतं. त्याच्या अंगावरचा करडा हा तारुण्याचा रंग आहे.

हा कुत्रा घडला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग भागात. लोकरीच्या आणि कापडाच्या गिरण्यांत काम शोधत स्कॉटलंडहून विणकर ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, लीड्सकडे आले. येताना त्यांनी आपले छोटे, लांब केसांचे टेरियर सोबत आणले. गिरण्यांत आणि खाणींत उंदरांचा सुळसुळाट, त्यामुळे कुत्र्याला काम भरपूर. तिथल्या स्थानिक टेरियरांशी त्यांची सरमिसळ झाली. 1861 साली हे कुत्रे इंग्लंडच्या प्रदर्शनात उतरले तेव्हा त्यांना स्कॉच टेरियरच म्हणत. 1870 मध्ये वेस्टमोरलंडच्या प्रदर्शनानंतर ‘द फील्ड’ या नियतकालिकाच्या वार्ताहरानं लिहिलं की यॉर्कशायरमध्ये या जातीत इतकी सुधारणा झाली आहे की तिला यॉर्कशायर टेरियर म्हणायला हवं. नाव तेव्हापासून रुळलं. केनेल क्लबनं 1886 साली जातीला मान्यता दिली. केस इतके रेशमी की ते मागावरच विणले असावेत, अशी थट्टा त्या काळी लोक करत.

थट्टेच्या मागे एक खरी गोष्ट आहे. ही माणसं दिवसभर सूत, पोत आणि रंग यांच्यातच वावरत होती. धाग्याची जाडी बोटांनी ओळखणं, दोन करड्या छटांतला फरक खिडकीच्या उजेडात पकडणं हे त्यांच्या पोटापाण्याचं कौशल्य होतं. त्याच सुमाराला हडर्सफील्डमध्येच रीड हॉलिडे यांचा कारखाना डांबरापासून नवे कृत्रिम रंग बनवत होता. कापड हौदात बुडवलं की रंग तयार. आणि त्याच गावातले कामगार घरी मात्र असा कुत्रा वाढवत होते ज्याच्या रंगाचा निकाल लागायला तीन वर्षं थांबावं लागे.

तीन वर्षं थांबण्याचा अर्थ हडर्सफील्ड बेनच्या आयुष्यावरून कळतो. या जातीचा आदिपुरुष म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. 1865 मध्ये तो हडर्सफील्डला जन्मला, ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर यांच्याकडे वाढला, प्रदर्शनांत त्यानं सत्तरहून अधिक बक्षिसं मिळवली आणि 1871 च्या सप्टेंबरात एका घोडागाडीखाली सापडून मेला. उणीपुरी सहा वर्षं. त्याचं स्वतःचं अंग पूर्ण रंगायलाच त्यातली दोन-तीन गेली असणार. त्याच्या शेवटच्या वर्ष-दोन वर्षांत जन्मलेली पिल्लं तो गेला तेव्हा काळी किंवा अर्धवट रंगलेली असणार. त्यांच्यात बापाचा रंग उतरला की नाही हे पाहायला तो नव्हता. ते पाहून, त्यातली कुठली पुढे ठेवायची हे ठरवत बसली ती माणसं. जनुकं ठाऊक नव्हती, छायाचित्रं काळी-पांढरी आणि महाग होती. पिल्लू चार महिन्यांचं असताना कसं दिसत होतं, त्याच्या आजीच्या पाठीचा निळा कुठल्या वर्षी उतरला, हे सगळं डोक्यात साठवून त्यांनी एक रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकवला. गिरणीच्या लांबलचक पाळ्या करून, दाटीवाटीच्या घरांत राहून त्यांनी हे केलं. कुत्र्यांच्या इतिहासात या माणसांचं श्रेय फार थोडक्यात उरकलं जातं, आणि ते योग्य नाही.

प्रदर्शनाच्या कुत्र्याची निगा पाहिली की तो धीर अजूनही दिसतो. केस जमिनीपर्यंत वाढवायचे, पण चालताना तुटू द्यायचे नाहीत. त्यासाठी केसांच्या बटा करायच्या, हलकं तेल लावायचं, प्रत्येक बट पातळ कागदात गुंडाळून, कागदाची घडी घालून छोट्या रबरानं बांधायची. अंगभर अशा पुड्या बांधलेला कुत्रा घरात निवांत हिंडतो. काही दिवसांनी पुड्या सोडायच्या, विंचरायचं, पुन्हा बांधायच्या. प्रदर्शनाच्या दिवशी नाकापासून शेपटीपर्यंत सरळ भांग पाडला जातो, डोक्यावरच्या केसांना फीत बांधली जाते आणि इंग्लंडमध्ये कुत्र्याला एका छोट्या पेटीवर उभं करतात. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात 1978 साली सीड हिगेन्स हा यॉर्की सर्वोत्कृष्ट ठरला आणि क्रफ्ट्समध्ये 1997 साली ओझमिलियन मिस्टिफिकेशन. दोघांच्याही मागे अशी कित्येक वर्षांची कागदी पुड्यांची मेहनत होती.

पिल्लांच्या गटाचं परीक्षण त्याहून अवघड. सहा ते बारा महिन्यांची पिल्लं, कुणी अर्धं काळं, कुणी मुळाशी निळं. परीक्षक भांग पाडून पाहतो, केसाचा पोत बोटांत घेतो आणि समोरच्या पिल्लात दोन वर्षांनंतरचा कुत्रा शोधतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. जन्मतःच निळसर दिसणारं पिल्लू पाहून कुणाला वाटेल की हे तर आधीच तयार आहे. वस्तुस्थिती उलट आहे. असा जन्मजात निळा बहुधा वेगळ्याच, रंगद्रव्य विरळ करणाऱ्या जनुकामुळे येतो. तो गुण आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. त्यात रंगद्रव्याचे कण केसात एकसारखे पसरत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात, आणि अशा काही कुत्र्यांचे केस पुढे विरळ होतात, गळतात, कातडी कोरडी पडून तिला संसर्ग होतो. यॉर्कीमध्ये हा विकार नोंदलेला आहे. म्हणजे दोन वर्षांच्या यॉर्कीवर जो रंग अभिमानाचा, तोच दोन दिवसांच्या पिल्लावर चिंतेचा. बाजारात अलीकडे चॉकलेटी, पूर्ण सोनेरी अशी पिल्लं ‘दुर्मीळ’ म्हणून चढ्या भावानं विकली जातात. त्या रंगांमागेही साधी अप्रभावी जनुकंच असतात. दुर्मीळ या शब्दासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पण एखादा अनपेक्षित रंग प्रेमानं सांभाळला गेल्याचं उदाहरणही आहे. जर्मनीच्या हुन्सरुक भागात वेर्नर आणि गर्ट्रूड बिवर हे दांपत्य यॉर्की पाळत असे. 20 जानेवारी 1984 रोजी त्यांच्याकडे निळ्या-सोनेरीबरोबर पांढरा रंग असलेलं एक पिल्लू जन्मलं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं श्नेफ्लोकशेन, म्हणजे हिमकणिका. पांढरा यॉर्कीच्या मापदंडात बसत नव्हता. बिवरांनी तो जपला, वाढवला आणि त्यातून बिवर टेरियर ही जात उभी राहिली. 2021 साली अमेरिकन केनेल क्लबनं तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

घरात लाडानं पाळलेल्या यॉर्कीच्या नशिबी कागदी पुड्या क्वचितच येतात. त्याचे केस आखूड कापले जातात, आणि वाढीच्या वयात केस कापून घरी आणलेलं पिल्लू पाहून मालक दचकतात. सकाळी काळं नेलेलं, दुपारी करडं परत आलेलं! कात्रीनं काळी टोकं गेली आणि खालचा नवा रंग उघडा पडला, एवढंच झालेलं असतं. भरपूर उन्हात राहणाऱ्या कुत्र्याच्या काळ्या केसांवर लालसर झाक येते. डोळ्यांखालचे तपकिरी-लाल ओघळ हा केसाचा रंग नसून अश्रूंतल्या द्रव्यांचे डाग असतात. मात्र रंग बदलताना केस जागोजागी विरळ होत असतील, खाज असेल, कातडी काळवंडत असेल तर ते वयाच्या खाती न टाकता पशुवैद्याला दाखवावं.

ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवर आधारित 2022 च्या अभ्यासात यॉर्कशायर टेरियरचं सरासरी आयुर्मान 12.54 वर्षं आढळलं. त्यातली दोन-तीन वर्षं रंग येण्यात जातात. तो आल्यावरही स्थिर राहतोच असं नाही. वय वाढतं तसा डोक्याचा तांबूस साईच्या रंगाकडे झुकतो, पाठीचा पोलादी आणखी फिका होतो. इतर कुत्र्यांच्या तोंडावर म्हातारपणाची पांढरी झाक ठळक दिसते. यॉर्कीचं तोंड मुळातच सोनेरी असल्यानं ती पटकन कळत नाही.

पिल्लू निवडताना रंगाचा अंदाज हवाच असेल तर आईबापांचं अंग पाहण्यासारखा भरवशाचा उपाय नाही. दोघंही दोन-तीन वर्षांचे झालेले असावेत आणि दिवसाच्या उजेडात पाहायला मिळावेत. दिव्याखाली काळा आणि गडद पोलादी एकसारखेच दिसतात. पाठीवर भांग पाडून मुळं पाहावीत, केस हातात घेऊन तो गार आणि निसटता लागतो का ते बघावं. शक्य असेल तर आजी-आजोबांचे फोटो मागावेत, पिल्लू वयाचे आणि मोठेपणचे, दोन्ही. आणि पिल्लू घरी आल्यावर दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला त्याचा एक फोटो काढून ठेवावा. रोज पाहणाऱ्याला हा बदल दिसत नाही; दहाव्या महिन्याचा फोटो तिसऱ्याशेजारी ठेवला की तोच दिसतो, आणि मग पाठीवरच्या पुढच्या भांगाची ओढ लागते.